वकिलाला दिलेली आगाऊ फी परत मागताना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे लहान मुलांच्याही तोंडी असते. परंतु एकदा चढलेली पायरी खटला उभा राहण्यापूर्वीच उतरावयाची झाली तर काय करावे, हे सांगणारी म्हण मात्र आपल्या वाडवडिलांनी रचून ठेवलेली नाही. वकिलाला आगाऊ पैसे दिले, वकीलपत्रावर सही केली आणि चार दिवसांनी मन पालटले. अशा वेळी दिलेले पैसे परत मागता येतात काय, मागावयाचे तर किती मागावेत, आणि कोणत्या शब्दांत मागावेत, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ज्याच्या घरात तो उभा राहतो त्याची झोप उडवल्याशिवाय तो राहत नाही.

समजा, कडोलीतील दोन चुलत भावांची शेते शेजारी शेजारी आहेत. पावसाळ्यात मधला बांध खचला, नांगरणीच्या वेळी तो हात-दोन हात सरकला, आणि शब्दाने शब्द वाढत गेला. धाकट्याने रागाच्या भरात बेळगाव गाठले. बटाट्याच्या विक्रीतून आलेले वीस हजार रुपये त्याने वकीलसाहेबांच्या टेबलावर ठेवले, पुढे आलेल्या कागदावर सही केली, आणि आता थोरल्याला धडा शिकवू, अशा समाधानात तो घरी परतला. पुढच्याच आठवड्यात मामा दोघांच्या घरी जाऊन बसले. सरकारी मोजणीदार आणावा, तो दाखवील तिथे दगड रोवावा, आणि तिथेच हा तंटा मिटवावा, असे ठरले. दोघे भाऊ एका ताटात जेवले. रात्री मात्र धाकट्याच्या पत्नीने हळूच विचारले, "अहो, सगळे चांगले झाले. पण त्या वीस हजारांचे काय? जूनमध्ये पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे."

या प्रश्नापुढे पुष्कळ माणसे दोनपैकी एका चुकीच्या वाटेने जातात. कोणी भिडेपोटी गप्प बसतो. "एवढ्या शिकलेल्या माणसाकडे पैसे परत कसे मागायचे? गेले ते गेले," असे म्हणून तो ती रक्कम मनातल्या मनात बुडीत खाती टाकतो. दुसरा थेट वकिलाच्या दारात जाऊन आवाज चढवतो, सगळेच्या सगळे पैसे आत्ताच्या आत्ता टाका म्हणतो, आणि एक भांडण मिटल्याच्या आनंदात दुसरे विकत घेतो. या दोहोंच्या मधली सरळ वाट कोणती, ती या लेखात पाहू.

आगाऊ पैशांचे तीन प्रकार

वकिलाला दिलेली सगळी रक्कम एकाच जातीची नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. तिचे तीन भाग पडतात. पहिला भाग सल्ल्याच्या फीचा. वकिलाने तासभर बसून तुमची हकीकत ऐकली, उतारे चाळले, कायदा काय म्हणतो ते सांगितले, तर ते काम तिथेच पुरे झाले. त्याची फी त्याने कमावलेली आहे. डॉक्टरने नाडी पाहून औषध सांगितल्यावर आपण ते घेतले नाही, म्हणून त्याची फी परत मागत नाही, तसेच हे.

दुसरा भाग पुढील कामासाठी दिलेल्या आगाऊ फीचा. दावा लिहावयाचा, दाखल करावयाचा, तारखांना उभे राहावयाचे, साक्षी तपासावयाच्या, या सर्वांपोटी ही रक्कम दिलेली असते. यांतील जे काम झालेच नाही, त्याचा मोबदला कमावला गेला नाही.

तिसरा भाग खर्चाचा. कोर्टाचे शुल्क, समन्स बजावण्याचे शुल्क, टंकलेखन, नकला, टपाल यांसाठी दिलेले पैसे वकिलाचे नसतातच. ते तुमचे असतात आणि तुमच्या कामासाठी त्याच्या हाती ठेवलेले असतात. न वापरलेल्या या रकमेवर तुमचा हक्क सर्वांत बळकट.

इंग्रजी रीतीत आणखी एक प्रकार आहे. एखाद्या नामांकित वकिलाने आपल्याच बाजूने राहावे, प्रतिपक्षाकडे जाऊ नये, एवढ्यासाठी त्याला बांधून ठेवणारी रक्कम काही पक्षकार देतात. मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या खटल्यांत ती रूढ आहे. गावच्या माणसाने दिलेली आगाऊ रक्कम सामान्यतः या जातीची नसते. मात्र एक गोष्ट येथे वकिलाच्या बाजूने मान्य केली पाहिजे. ज्याने एकदा एका पक्षाला दाव्याबाबत सल्ला दिला किंवा त्याचे कागद तयार केले, त्याला त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही, असा वकिलीचा नियम आहे. म्हणजे तुमचे काम स्वीकारताच त्याने एक दार स्वतःसाठी बंद केलेले असते. हिशेब करताना याचा विसर पडू नये.

नियम काय सांगतात

आपल्या देशात वकिलांच्या व्यवसायाचे नियमन १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने होते. त्या कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वर्तनाचे नियम घालून दिले आहेत. त्यांत अशिलाविषयीच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील बाराव्या नियमाचा आशय असा: एकदा स्वीकारलेले काम वकिलाने पुरेशा कारणावाचून व वाजवी सूचना दिल्यावाचून सोडू नये, आणि सोडल्यास फीचा जो भाग त्याने कमावलेला नाही तो अशिलास परत करावा.

हा नियम वकील स्वतः काम सोडतो त्या प्रसंगाचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशिलाने मन पालटले तर अमुक इतके पैसे परत द्यावेत, असे वाक्य त्यात नाही. परंतु कमावलेली फी आणि न कमावलेली फी हा भेद त्या नियमाने मान्य केला आहे, आणि न्यायबुद्धीने पाहिले तर हाच भेद दुसऱ्याही प्रसंगी कसोटी म्हणून लावावा लागतो. अशा वेळी दोन गोष्टींवर सारे अवलंबून राहते: पैसे देताना ठरले काय होते, आणि सांगण्याच्या क्षणापर्यंत काम झाले किती.

आणखी तीन नियम अशिलाच्या उपयोगाचे आहेत. वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवावा. रक्कम फीपोटी आली की खर्चापोटी, याची नोंद त्या हिशेबात असावी. आणि खर्चासाठी दिलेल्या पैशांतून काम चालू असताना अशिलाच्या लेखी संमतीवाचून फी वळती करून घेऊ नये. अशिलाने मागणी केल्यास व नकलेचा खर्च दिल्यास हिशेबाची प्रत देणे वकिलावर बंधनकारक आहे. शिवाय फी आधी ठरलेलीच नसेल, तर ज्या कामासाठी नेमले ते संपल्यावर नियमाप्रमाणे देय फी कापून उरलेली रक्कम परत करावी, असेही सांगितले आहे. तेव्हा हिशेब मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो अशिलाचा अधिकार आहे.

वकील बदलण्याचा किंवा काम थांबवण्याचा अधिकारही अशिलाला आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्याराला दिलेला अधिकार मालक काढून घेऊ शकतो. मात्र त्या अधिकाराने आधीच झालेली कामे तो पुसून टाकू शकत नाही. दावा दाखल होऊन वकीलपत्र कोर्टात गेले असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ते रद्द करण्यास लेखी अर्ज आणि कोर्टाची परवानगी लागते. दावा दाखलच झाला नसेल, तर वकिलाला दिलेले साधे पत्र पुरे होते.

किती मागावे

कडोलीच्या आपल्या धाकट्या भावाचेच उदाहरण पुढे चालवू. त्याने वीस हजार दिले. त्यांतले पंधरा हजार फीचे आणि पाच हजार खर्चाचे, असे समजू.

वकिलाने केवळ हकीकत ऐकली, वकीलपत्रावर सही घेतली, आणि पुढे काही घडले नाही, अशी स्थिती असेल तर खर्चाचे पाच हजार संपूर्ण परत यावेत, आणि पंधरा हजारांतून सल्ल्याची योग्य फी कापून बाकीचे यावेत. वकिलाने प्रतिपक्षास नोटीस लिहून पाठवली असेल, तर नोटिशीची फी व टपालखर्च त्यात आणखी वजा करावा. दाव्याचा मसुदा तयार झाला असेल, तर अर्धे बौद्धिक कष्ट झालेले आहेत हे मानावे. मग फीचा मोठा भाग त्याचा. दावा दाखल होऊन मनाई हुकुमाच्या अर्जावर वादविवादही झाला असेल, तर परत मागण्यासारखे फारसे उरत नाही. साक्षीपुरावा होऊन निकालाची वाट पाहत असताना समेट झाला, तर पैसे मागण्याऐवजी वकिलाचे आभार मानून घरी यावे, हेच शोभते.

यावरून एक व्यवहारी बोध मिळतो. मन पालटले की त्याच दिवशी वकिलाला कळवावे. आठ दिवस संकोचात घालवले आणि तेवढ्यात त्याने रात्री जागून मसुदा लिहिला, तर तो तोटा तुमच्या संकोचाचा. दिवस जातात तशी परत मिळणारी रक्कम आटत जाते.

कोर्टात भरलेल्या शुल्काची गोष्ट वेगळी आहे. ते वकिलाकडे नसते, सरकारजमा झालेले असते, म्हणून ते वकिलाकडे मागून उपयोग नाही. परंतु चालू दावा लोकअदालतीत मिटला, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ते शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे. पक्षकारांनी कोर्टाबाहेर आपसांत खरा समेट केला तरी शुल्क परत मिळावे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाकडून आलेल्या एका प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केली. शेतीच्या तंट्यात ही रक्कम लहान असते. पण उसनवारीच्या वसुलीचा दावा असेल तर शुल्क रकमेच्या प्रमाणात आकारले जाते, आणि ते परत मिळणे मोलाचे ठरते. म्हणून समेट झाला की दावा नुसता सोडून देऊ नये. तडजोडनामा कोर्टापुढे ठेवून शुल्क परत मागण्याचा अर्जही द्यावा.

कागदपत्रे गहाण नव्हेत

पैशांपेक्षाही जास्त जीव अडकतो तो कागदांत. जुनी खरेदीखते, उतारे, वाटणीपत्रे वकिलाच्या कपाटात असतात, आणि फीवरून वाद झाला की "आधी बाकी द्या, मग कागद न्या," असे उत्तर काही वेळा मिळते. या उत्तराला कायद्याचा आधार नाही. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेने १९९३ साली आपल्या वकिलाचे काम थांबवले, तेव्हा त्याने सुमारे ९७ हजार रुपये फी येणे असल्याचे सांगून खटल्यांचे कागद अडवून धरले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २००० मध्ये निकाल देताना न्यायालयाने स्पष्ट केले की फीच्या थकबाकीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग त्याला मोकळे आहेत; पण कागद परत करणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ते न करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

पत्र कसे लिहावे

आधी स्वतः जाऊन भेटावे. बरोबर एखादे शांत स्वभावाचे वडीलधारे माणूस न्यावे. समेटाची बातमी आनंदाने सांगावी. पुष्कळ वकील ती ऐकून मनापासून संतोष मानतात आणि तिथल्या तिथे हिशेब करून देतात. तसे झाले नाही तर पत्र द्यावे. त्याची भाषा अशी असावी:

"श्री. वकीलसाहेब यांस, सप्रेम नमस्कार. मी अमुक तारखेस आमच्या शेताच्या बांधाच्या तंट्याचे काम आपणांकडे सोपवून वकीलपत्रावर सही केली, व त्यापोटी एकंदर वीस हजार रुपये आपणांस दिले. आता उभय पक्षांत समेट झाला असल्याने मला दावा करावयाचा नाही. तरी या पत्राच्या तारखेपासून माझ्या वतीने पुढील कोणतेही काम करू नये, ही विनंती. आजवर केलेल्या कामाची योग्य फी व झालेला खर्च वजा करून त्याचा लेखी हिशेब मला द्यावा, आणि उरलेली रक्कम व माझी मूळ कागदपत्रे पंधरा दिवसांच्या आत परत करावीत. आपण दिलेल्या वेळेबद्दल मी आभारी आहे. आपला नम्र."

या पत्रात आरोप नाही, धमकी नाही, आणि मागणीही संदिग्ध नाही. त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. हाती दिल्यास प्रतीवर पोच घ्यावी. टपालाने पाठवल्यास स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

नकार मिळाल्यास

पत्राला उत्तर आले नाही, तर पहिला दरवाजा विधी सेवा प्राधिकरणाचा. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. दावा दाखल होण्यापूर्वीच दोन्ही पक्षांना बोलावून समेट घडवण्यासाठी तिथे विनामूल्य अर्ज करता येतो, आणि १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही मिळतो. लहान रकमेसाठी हा मार्ग सर्वांत सोपा.

दुसरा दरवाजा राज्याच्या बार कौन्सिलचा. येथे आपल्या सीमाभागातील माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. वकिलाची सनद ज्या राज्याच्या नोंदवहीत असेल, त्या राज्याच्या कौन्सिलकडे तक्रार जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडी येथे वकिली करणाऱ्याची नोंद बहुधा बेंगळुरूच्या कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे असते. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या वकिलाची बहुधा मुंबईच्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे. वकीलपत्रावरील सनद क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून ते ओळखता येते. तक्रार इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या राज्याच्या राजभाषेत देता येते. म्हणजे मुंबईला मराठी तक्रार चालेल. बेंगळुरूला ती कानडीत वा इंग्रजीत लिहून घ्यावी लागेल. तक्रारीचा निकाल एका वर्षात लागावा, असे कायदा म्हणतो. न लागल्यास ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. मात्र कौन्सिलचे मुख्य काम शिस्तीचे आहे: समज देणे, काही काळ वकिली बंद करणे, किंवा नोंदवहीतून नाव काढणे. केवळ पैसे वसूल करून देणे हा तिचा हेतू नाही. म्हणून फीच्या प्रामाणिक मतभेदासाठी तिथे धावू नये. हिशेबच न देणे, कागद अडवणे, पैसे घेऊन दावाच न लावणे, अशा वागणुकीसाठी तो दरवाजा आहे.

अशा वागणुकीची दखल कशी घेतली जाते, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. तामिळनाडूतील एका वृद्ध, ऐकू न येणाऱ्या गृहस्थाने व त्याच्या पत्नीने पंधरा हजार व पाच हजार रुपयांच्या दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे लावण्यासाठी वकिलाला पैसे दिले. दावे लागलेच नाहीत आणि मुदत संपली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने त्या वकिलाला निलंबनाबरोबरच त्या वृद्धास अडीच हजार रुपये देण्यास व गरिबांची मोफत कामे करण्यास सांगितले. दुसऱ्या प्रकरणात एका खेडूताच्या जमिनीच्या भरपाईचे ८,११८ रुपये वकिलाने कोर्टातून उचलले व त्याला दिले नाहीत. २००२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नाव वकिलांच्या नोंदवहीतून कायमचे काढावयास लावले. रक्कम लहान होती. विश्वास लहान नव्हता.

तिसरा दरवाजा दिवाणी कोर्टाचा. पैसे परत मिळण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

पूर्वी काही लोक चौथाही दरवाजा सांगत, ग्राहक न्यायालयाचा. तो आता बंद झाला आहे. दिल्लीतील एका अशिलाने न वटलेल्या वीस हजारांच्या चेकच्या प्रकरणात वकील नेमला होता. वसूल झालेली रक्कम व खर्चाचे पाच हजार यांवरून दोघांत वाद झाला आणि अशील ग्राहक मंचाकडे गेला. २००७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. पण १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अशील वकिलाला सूचना देतो आणि वकील त्या मर्यादेत वागतो, हे नाते वेगळ्या जातीचे आहे, म्हणून ग्राहक कायदा त्याला लागू नाही, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून कोणी त्या दारात पैसे खर्च करू नयेत.

ही तक्रार दोन हजार वर्षांची

फीचा हा वाद आजचा नाही. वकिलाने पैसे वा भेटी घेऊच नयेत, असा कायदा रोममध्ये इसवी सनापूर्वी २०४ साली झाला होता. पण तो कोणी फारसा पाळला नाही. इतिहासकार टॅसिटसने पुढील हकीकत नोंदवली आहे. एका रोमन सरदाराने सुइलियस नावाच्या वकिलाला चार लाख नाणी दिली, आणि तो प्रतिपक्षाशी संगनमत करून आहे असे कळताच त्याने त्याच वकिलाच्या घरात स्वतःच्या तलवारीवर अंग टाकून प्राण दिला. इसवी सन ४७ मध्ये हा प्रश्न सेनेटपुढे आला. सम्राट क्लॉडियसने फीची मर्यादा दहा हजार नाण्यांवर आणली, आणि तीहून अधिक घेणाऱ्यास खंडणीचा अपराधी ठरवले. त्या अपराधाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी 'परत मागावयाचे पैसे' असा होतो.

याच व्यवसायात दुसऱ्या परंपरेची माणसेही होऊन गेली. वकिलांचा आश्रयदाता मानला गेलेला ब्रिटनीचा संत इव्हो हा तेराव्या शतकात गरिबांचे खटले विनामूल्य चालवी. आणि १९२४ साली आपल्या बेळगावात काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद ज्यांनी भूषवले, ते गांधीजी तरुण वकील असताना दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठी १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा चाळीस हजार पौंडांचा. प्रतिवादी त्याच नात्यातला. वकिलांची फी दोघांनाही खाऊन टाकील, हे पाहून गांधीजींनी खटपट करून ते प्रकरण लवादाकडे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, आणि हरलेल्याचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यासही त्यांनी आपल्या अशिलाला राजी केले. तडजोड घडवणारा वकील अशिलाचे पैसे वाचवतो आणि स्वतःची अब्रू वाढवतो, हे त्या तरुणाने तिथे दाखवून दिले.

सही करण्यापूर्वी

रोगापेक्षा पथ्य स्वस्त असते. कडोलीत दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरते, माणसे दिवसभर बसून मराठी भाषणे ऐकतात. पण त्याच गावचा माणूस बेळगावच्या कोर्टात जातो तेव्हा त्याच्यापुढे येणारे वकीलपत्र कानडीत किंवा इंग्रजीत छापलेले असते. वाचता येत नाही म्हणून तो विचारीत नाही, आणि विचारायची लाज वाटते म्हणून सही करतो. काही छापील वकीलपत्रांत 'दिलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' अशी ओळ आधीच असते. ती ओळ तुम्ही मान्य केली, असे पुढे तुम्हालाच ऐकवले जाईल. म्हणून शाळा-कॉलेजात शिकणारा मुलगा वा मुलगी बरोबर न्यावी, प्रत्येक ओळ वाचून घ्यावी, आणि अशी ओळ आढळली तर ती खोडावयास विनयाने सांगावे.

फी एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावी: सल्ल्याची इतकी, नोटिशीची इतकी, दावा दाखल करताना इतकी. फी किती व खर्च किती, हे कागदावर वेगळे लिहून घ्यावे. रोख दिले तर पावती मागावी. बँकेतून किंवा मोबाइलवरून पाठवले तर नोंद आपोआप राहते. कोर्टाच्या फाटकात भेटणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नयेत. ते वकिलापर्यंत पोचले की नाही, हे पुढे कोणीच सांगू शकत नाही. मिळणाऱ्या रकमेत अमुक टक्के द्या, असे कोणी म्हणाल्यास तो करार करू नये. निकालावर अवलंबून फी ठरवणे नियमाने निषिद्ध आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका विधवेच्या अपघात-भरपाईच्या प्रकरणात हे पुन्हा बजावले. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता सरकारकडून मोफत वकील मिळतो, हेही घरोघर ठाऊक असावे. अशा वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यावयाचे नसतात.

आता आपल्या त्या धाकट्या भावाकडे परत जाऊ. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना घेऊन बेळगावला गेला, असे समजा. वकीलसाहेबांनी सल्ल्याचे व तयार केलेल्या नोटिशीचे मिळून पाच हजार ठेवून घेतले आणि पंधरा हजार परत केले. धाकट्याला ते पाच हजार बोचतील. बोचू द्यावेत. रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाची ती किंमत आहे, आणि समोरच्या माणसाने त्याच्यासाठी खरोखर काही काम केले आहे. उरलेल्या पंधरा हजारांतून मुलीची फी भरावी, मोजणीचे पैसे दोघा भावांनी निम्मे निम्मे द्यावेत, आणि दगड रोवताना दोघांनीही तिथे उभे राहावे. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा खचला, तर बेळगावची गाडी पकडण्यापूर्वी धाकट्याने आधी थोरल्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.